बुडबुडा मध्ये येईपर्यंत कोणीही हलू नये

तीर्थरूप ताई,

तुला आणि भावोजींना माझा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकून नाही, अर्ध्यावरूनच. त्यापुढे कंबर जाऊ देत नाही. कारण खाली येईलच.) तुझा गुडघा आता कसा आहे, भावोजींचा खोकला गेला की तो आता घरचाच झाला, भाच्याने ती दाढी एकदाची काढली का, हे सगळं सविस्तर कळव. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. तसे आहेतही. फक्त गेल्या तीन आठवड्यांत या घरातल्या प्रत्येकाचं वजन प्रत्येकाला पाठ झालं आहे, आणि अशा घरात खुशाली कितपत टिकते ते तू मोठी आहेस, तूच ठरव.

मागच्या पत्रात तू एकच प्रश्न तीन वेळा विचारलास, की आप्पा घराबाहेर पडतात का. फोनवर मी "हो, बरे आहेत" म्हणून विषय बदलतो, कारण फोन आप्पांच्या खुर्चीच्या अगदी हाताशी आहे आणि त्यांचे कान अजून आपल्या दोघांपेक्षा तिखट आहेत. म्हणून हे पत्र. खरं सांगायचं तर, ज्या दिवशी दुकानाला कुलूप लावून किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली, त्या दिवसापासून दीड वर्ष आप्पांनी उंबरा ओलांडला नव्हता. शेहेचाळीस वर्षं ज्या माणसाने अख्ख्या बाजाराचे तराजू आणि काटे कानस मारून, पासंग बांधून सरळ केले, त्याला सगळ्यांनी बॅटरीवरचे काटे घेतले म्हणून घरी बसावं लागलं. (आणि त्या बॅटरीवाल्या काट्यांच्या कंपनीत त्याचाच मुलगा तपासनीस. म्हणजे शत्रूच्या छावणीतून रोज संध्याकाळी मी जेवायला घरी येतो, असं आप्पांचं मत आहे. ते बोलून दाखवत नाहीत, पण भाजी वाढून घेताना माझ्याकडे बघतात.) डॉक्टरांनी रोज थोडं फिरून या म्हणून सांगितलं. आप्पांनी डॉक्टरांना सांगितलं की तुमच्या दवाखान्यातला काटा चुकतो, तो आधी बघून घ्या. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही.

तर असं सगळं चाललेलं असताना एका रविवारी माझ्या थोरल्या लेकीने आणलेलं कुठलंसं मासिक आप्पांच्या मांडीवर पडलं. त्यात एका कुटुंबाचा फोटो होता. मोठ्या तलावात एक सपाट, चौकोनी, छत लावलेली बोट, आणि तिच्यावर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बाकांवर बसून दात दाखवत आहेत. आप्पांनी तो फोटो पाच मिनिटं बघितला. चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला. मग म्हणाले, "ही पाण्यावर सपाट राहते?"

ताई, आप्पांनी आपणहून विचारलेला तो आठ महिन्यांतला पहिला प्रश्न होता. ("जेवण झालं का" हा मी प्रश्नात धरत नाही.) दुसरा कोणी शहाणा माणूस असता तर त्याने "राहते" किंवा "राहत नाही" एवढंच उत्तर दिलं असतं. मी त्याच संध्याकाळी बोट घ्यायचं ठरवलं. तुला माहीतच आहे, मला बादलीतलं पाणी हललं तरी गरगरतं, हिला (म्हणजे तुझ्या भावजयीला) पोहता येत नाही, आणि आमच्या सगळ्यांचा मिळून पाण्यावरचा अनुभव म्हणजे मागच्या वर्षी मोरी तुंबली होती तो. पण माझ्या डोळ्यांसमोर आप्पा त्या बाकावर बसलेले दिसायला लागले, वारा लागतोय, आप्पा काहीतरी बोलतायत, आणि मी पुरता वाहवत गेलो. हिने एवढंच विचारलं की ठेवणार कुठे. मी म्हटलं, पाण्यात.

आपल्या गावाबाहेरच्या तलावावर एक बोटवाले गृहस्थ आहेत. त्यांना धाकटीने पहिल्याच भेटीत होयबा असं नाव ठेवलं, कारण ते कशालाच नाही म्हणत नाहीत. ही बोट चांगली आहे का? हो. ती जास्त चांगली आहे का? हो. मग ही वाईट आहे का? हो, तसंही म्हणता येईल. अशा माणसाकडून दोन बोटींतली एक निवडणं म्हणजे काय, याची कल्पना तुला भावोजींबरोबर पडदे घ्यायला गेली असशील तर येईल. त्यांच्याकडे विकायला दोनच बोटी होत्या. एक निळी, एक पांढरी. दोन्ही पाँटून बोटी, म्हणजे खाली पत्र्याचे लांबलचक बंद नळे, त्यावर सपाट डेक, भोवती कठडा, बसायला गादीचे बाक आणि वर छत. आपला बाहेरचा व्हरांडा कोणी उचलून पाण्यात सोडला तर जसा दिसेल तसं. निळीच्या खाली दोन नळे, पांढरीच्या खाली तीन. निळी जुनी पण आटोपशीर, पांढरी ऐसपैस, तिच्यात मध्ये टेबल आणि मागच्या कोपऱ्यात पडदा लावलेला एवढासा संडास. किंमत दोन्हींची जवळपास सारखी, त्यामुळे तोही आधार गेला.

घरात त्याच दिवशी दोन पक्ष पडले. ही निळीच्या बाजूने, कारण पुसायला कमी. सासूबाई पांढरीच्या बाजूने, कारण संडास. (सासूबाई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या त्याला आता चौथं वर्ष लागलं. मी मोजत नाही, ही मोजते.) थोरली पांढरीकडे, धाकटी निळीकडे, आणि लहान काकांचं मत ज्या बोटीवर ते त्या क्षणी उभे असतील तिच्याकडे. (लहान काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, हे तुला सांगायला नको. फक्त वयानेच लहान, हेही सांगायला नको.) मी स्वतः तटस्थ राहिलो, म्हणजे दोन्ही पक्षांनी मला झोडपलं. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नाही. मीठ हवं असेल तर आधी कुठली बोट ते सांगावं लागे.

आणि आप्पा? आप्पा खुर्चीत. ज्यांच्यासाठी हा घाट घातला ते एक शब्द बोलेनात. शेवटी मी होयबांनी दिलेला माहितीचा कागद मोठ्याने वाचायला घेतला, त्यांच्या खुर्चीजवळ उभं राहून, बातम्या वाचतात तसा. लांबी अमुक, रुंदी तमुक, क्षमता आठ माणसं. इथे आप्पांनी मान वर केली.

"माणसं? माणूस हे कसलं माप झालं?"

पुढच्या दहा मिनिटांत काय काय झालं ते मला नीट लावून सांगता येणार नाही. आप्पा उठले. मागच्या खोलीत गेले. गाद्यांच्या खालून दुकानातला तो फळीचा मोठा काटा बाहेर काढायला लावला. (काढला मी आणि काकांनी, माझ्या कंबरेचा पहिला हप्ता तिथेच गेला.) फडकं मागितलं, तेल मागितलं, वीस किलोची वजनं एकेक करून ठेवून काटा तपासला आणि जाहीर केलं की आठ माणसं म्हणजे काहीही असू शकतं. आमच्या घरातली आठ आणि शेजारच्या घरातली आठ यांत एक म्हैस बसेल. तेव्हा घरातल्या सगळ्यांचं वजन होईल, बसायच्या जागा वजनावर ठरतील, आणि मगच कुठली बोट हे ठरेल. आता हे डोकं कुठून आलं ते तुला आणि मलाच कळणार. ज्याने आयुष्यभर दोन पारडी सारखी केली त्याला बोट म्हणजे काय दिसणार? पाण्यावर ठेवलेला तराजूच दिसणार. मला तर हर्ष मावेना. आप्पा शर्टाच्या बाह्या वर करून उभे होते, कपाळावर तेलाचा डाग होता, आणि ते चिडलेले होते. किती दिवसांनी चिडले होते, ताई.

वजनं झाली. मी अठ्ठ्याहत्तर (तुझ्या भुवया इथून दिसतायत), ही एकसष्ट, थोरली बावन्न, धाकटी सत्तावीस, काका एकशे बारा. काकांनी खिशातून किल्ल्या, पाकीट, कंगवा, रुमाल, अर्धं बिस्किट असं सगळं काढून ठेवलं आणि परत उभे राहिले. तरीही एकशे बारा. सासूबाईंनी मात्र साफ नकार दिला. मग बऱ्याच वाटाघाटी होऊन असं ठरलं की बाकी सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं, आणि आप्पांनी वजन मनात ठेवायचं, कागदावर आकडा लिहायचा नाही. आप्पांनी शब्द पाळला. कागदावर सासूबाईंच्या पुढे नुसती रेघ ओढली. त्याचा काही उपयोग झाला नाही, ते पुढे सांगतो.

पहिली फेरी निळीची ठरली. आप्पा तलावावर आले. हो, आले. उंबरा ओलांडला, टॅक्सीत बसले, वाटेत तीन दुकानांकडे बघून "याचा काटा मी केलेला" असं म्हणाले. मी पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होतो, कारण ड्रायव्हरने माझे डोळे बघितले असते तर त्याला वाटलं असतं आम्ही कोणाला तरी पोचवायला निघालोय. पण बोटीत पाय ठेवायला त्यांनी नकार दिला. धक्क्यावर घडीची खुर्ची टाकून बसले आणि तिथून आम्हाला बसवायला लागले. बोटीच्या मधोमध डेकवर त्यांनी पाणसळ ठेवायला लावली. (गवंडी भिंत सरळ आहे का बघायला ठेवतो ती लाकडी पट्टी, मध्ये काचेची नळी, नळीत बुडबुडा.) आणि हुकूम सुटला की बुडबुडा मध्ये येईपर्यंत कोणीही हलू नये, आणि आल्यावर तर मुळीच नाही.

डावीकडे काका, त्यांच्या समोर उजवीकडे ही आणि थोरली, वर एक किलोचा फरक म्हणून काकांच्या मांडीवर पाण्याची बाटली. चाकावर होयबा, ते सत्तर, म्हणून त्यांच्या समोर धाकटी, तिच्या पायाशी वीसची दोन वजनं आणि तिच्या मांडीवर उकडलेल्या अंड्यांचा तीन किलोचा डबा. धाकटीला आप्पांनी पासंग म्हणून नेमलं होतं, म्हणजे पारडं सारखं करायला जो लहान तुकडा बांधतात तो. या नेमणुकीने ती इतकी फुगली की मला वाटलं पुन्हा वजन करावं लागणार. राहिल्या सासूबाई. त्यांना डावीकडे बसवलं, समोर मला, आणि माझ्या मांडीवर तीन किलोचा पाण्याचा कॅन. बुडबुडा बरोबर मध्ये आला. प्रत्येकाने मनात बेरीज केली आणि पाण्याकडे बघितलं. धाकटी गणितात कच्ची आहे अशी शाळेतून तक्रार होती, ती त्या दिवशी मिटली. तिने उत्तर मोठ्याने सांगितलं.

असे आम्ही सहलीला निघालो. पावणेदोन तास, ताई. पावणेदोन तास आम्ही सात जण एका सुंदर तलावात, सुंदर उन्हात, पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे बसलो होतो. माझी जागा कठड्याच्या दाराशी होती, तिथे शरीराचा मध्य कठड्यापासून बरोबर एक हात यावा म्हणून मला अर्धवट वळून, एक पाय बाकावर घेऊन बसावं लागलं. (कंबर. दुसरा आणि शेवटचा हप्ता.) काकांच्या नाकावर माशी बसली. ती इकडून तिकडे फिरली, काका नुसते डोळे फिरवत राहिले. सासूबाईंची टोपी उडून गेली, त्यांनी तिला मान न हलवता निरोप दिला. मग भूक लागली, आणि खरी पंचाईत झाली, कारण अंड्यांचा डबा हा आता खाऊ नव्हता, ते वजन होतं. शेवटी हिने तोडगा काढला की डावीकडून एक अंडं उजवीकडे गेलं की उजवीकडून एक काकडी डावीकडे यायची. हे आम्ही तासभर केलं. काठावरून बघणाऱ्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी करत नाही. अशी हालचाल न करता बसलेली माणसं आधी कधी नेलीत का असं मी होयबांना विचारलं. ते हो म्हणाले.

आणि मग एक पांढरा मोठा पक्षी आला. बोटीच्या अगदी उजव्या अंगाला, हाताच्या अंतरावर पाण्यात शिरला आणि चोचीत तडफडणारा मासा घेऊन वर आला. पहिली पासंग उठली. तिच्या मागे थोरली, मग सासूबाई, आणि शेवटी एकशे बारा किलो काका, सगळे एकदम उजव्या कठड्यावर. मी डोळे मिटले. बोट उजवीकडे चार बोटं झुकली, थोडा विचार केला, आणि तशीच शांत उभी राहिली. काहीही झालं नाही. ती बुडणार नव्हती, कधीच बुडणार नव्हती. तिचं झुकणं आणि परत येणं हे रोजचंच होतं. हे तुम्ही आधी का नाही सांगितलं, असं ही होयबांना म्हणाली. ते म्हणाले, हो. त्यानंतर आम्ही उरलेली सगळी अंडी उभ्याने, हव्या त्या बाजूला खाल्ली.

धक्क्यावर आप्पा उभे होते. खुर्ची सोडून उभे. कुणाकडून तरी दुर्बीण मागून घेतली होती आणि सगळं बघितलं होतं. मला वाटलं आता शिस्त मोडल्याबद्दल बोलणी बसणार. त्यांनी एवढंच विचारलं की बोट झुकली तेव्हा बुडबुडा कुठपर्यंत गेला. सातातल्या एकानेही बुडबुड्याकडे बघितलं नव्हतं, सगळे पक्ष्याकडे बघत होते. आप्पा घरी येईपर्यंत बोटाने मांडीवर कसली तरी बेरीज मांडत राहिले.

पुढच्या रविवारी पांढरी. आम्ही जागा घेत होतो, इतक्यात आप्पा धक्क्यावरून उठले, पाणसळ काखेत मारली, सासूबाईंना "विहीणबाई, जरा सरका" म्हणाले आणि बोटीत आले. जंगली कबूतर खिडकीत बसलं की आपण श्वास रोखतो ना, तसे सगळे उभे होतो. आप्पांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये. काकांना डावीकडे पाठवलं, बुडबुडा मध्ये. सगळ्यांना डावीकडे पाठवलं, बुडबुडा केसभर हलल्यासारखा झाला आणि परत मध्ये. काकांना उडी मारायला सांगितली. मारली. मध्ये. तीन नळ्यांची ती बोट म्हणजे जमीनच, ताई. बाकीची मंडळी तर हुरळूनच गेली, टेबलावर पत्ते मांडले, सासूबाईंनी पडद्यामागे जाऊन येऊन पसंतीची मान हलवली, हिनेही तिथल्या तिथे पक्ष बदलला. आणि आप्पांनी अर्ध्या तासाने पाणसळ पिशवीत घातली, हाताची घडी घातली, आणि घरी किती वाजता जायचं असं विचारलं. किल्ली खिळ्याला अडकवली त्या दिवशीचा तो चेहरा, मी ओळखला. हातातला पत्ता मी कुठला टाकला मला आठवत नाही.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सगळ्यांना पुन्हा निळीवर नेलं. (रजेच्या अर्जात "कौटुंबिक समतोल" असं कारण दिलं. साहेबांनी काही विचारलं नाही.) येताना प्रत्येकाने कुरकुर केली. आप्पा पाणसळ घेऊन मध्ये बसले आणि बोट हलली तसे आप्पाही हलले. काका, एक बाक मागे. सूनबाई, पाऊलभर डावीकडे, फार झालं, अर्धं परत. वारा फिरला की जागा फिरवायच्या, पाण्याचा कॅन इकडून तिकडे, पासंग जरा पुढे. दोन तास त्यांनी आम्हाला असं नाचवलं की माझी कंबर ठणकत असूनही मी हसत होतो. एकदा दुसरी बोट जवळून गेली, तिची लाट बसली, सगळे एकमेकांच्या अंगावर पडलो आणि काका माझ्यावर. तेव्हा आप्पा भिजलेल्या चष्म्यानिशी हसले, ताई. आवाज करून हसले. नाक उन्हाने लाल झालं होतं. त्यांनी दुसरं अंडं मागून घेतलं. परत आल्यावर धक्क्याच्या टोकापासून रस्त्यापर्यंत कोणाचा हात न धरता चालत आले, वळून निळीकडे बघितलं आणि म्हणाले, "ही दुरुस्त करता येईल."

आता माझी अडचण तुझ्या लक्षात आली असेल. एकीकडे पांढरी, स्थिर, ऐसपैस, संडासासह, आणि तिच्या बाजूने सगळं घर. सासूबाईंनी तर सांगूनच टाकलंय की त्या डगमगणाऱ्या फळीवर मी पुन्हा पाय ठेवणार नाही, ठेवला तर आकडा सांगायची धाकटीला बंदी करून मगच. दुसरीकडे निळी, आणि तिच्यात आप्पा. आप्पा तोंडाने काही मागणार नाहीत, हे तू जाणतेस. पांढरी घेतली तर ते दोनदा येतील आणि तिसऱ्यांदा गुडघा दुखतो म्हणतील. निळी घेतली तर बाकीचे दोनदा येतील, आणि एकट्या माणसाला बुडबुडा मध्ये आणायला समोर कोणीतरी लागतंच. मत माझं राहिलंय आणि माझं धाडस होत नाही. तू या घरातली मोठी लेक, तुझा शब्द कोणी खाली पडू देत नाही. तेव्हा विचार करून तूच कळव, निळी की पांढरी. तू म्हणशील ती घेऊ. भावोजींना विचारू नकोस, ते होयबांच्या जातीतले आहेत.

कंबरेला शेक द्यायची वेळ झाली, म्हणून इथेच आवरतो.

तुझा धाकटा भाऊ (अठ्ठ्याहत्तर)

ता. क. वरचा प्रश्न बाद समज. निळी काल घेतली. म्हणजे मी नाही, सासूबाईंनी. कोणालाही न सांगता तलावावर गेल्या, होयबांना निळीच आमची म्हणून सांगून आल्या, आणि घरी येऊन म्हणाल्या की पांढरीतल्या त्या पडद्याची कडी नीट लागत नाही. मी आज मुद्दाम जाऊन बघितलं. चांगली लागते.

ता. ता. क. आता पत्र लिहायचं खरं कारण. आप्पांनी निळीचा जागांचा तक्ता नव्याने केलाय. त्यात डावीकडे मागच्या बाकावर एक जागा आहे, तिथे ते दर वेळी लोखंडाची वजनं रचायला लावतात, साठ म्हणतात, मग पासष्ट म्हणतात, मग डोकं खाजवतात आणि पुन्हा साठ करतात. ती वजनं वळणावर घसरतात आणि माझ्या अंगठ्यावर येतात. मी वैतागून विचारलं की ही जागा कोणाची, तर म्हणाले, ताईची. ती येईपर्यंत रिकामी ठेवली तर बोट तिरकी होते. तेव्हा माझ्यावर दया करून तुझं आत्ताचं वजन उलटटपाली कळव, म्हणजे तो आकडा तरी एकदाचा ठरेल. खरं कळव. हवं तर धाकटीपासून लपवून ठेवतो.

ता. ता. ता. क. चि. ताईस आप्पांचे आशीर्वाद. तुझा भाऊ पत्र उघडं टाकून पाकीट आणायला गेला आहे, ते मी वाचलं. वजन कळवू नकोस. लिहून आलेलं वजन मी तक्त्यात धरत नाही. इकडे ये आणि काट्यावर उभी राहा. काटा आज सकाळीच पुसून ठेवला आहे.